चुलीवरचं नवं

पुणे, ता. ९ ऑगस्ट १९३१

ती. अक्का,

नमस्कार. पत्र लांबलं म्हणून रागावू नकोस. रागावलीस तरी उत्तर मात्र लगेच लिही, कारण या वेळी काम आहे.

मला इथे शेतकीच्या मळ्यावर भाताच्या वाणांचं काम मिळालं आहे. दिवसभर लोंब्या मोजायच्या, कोणतं भात किती दिवसांत निसवतं ते वहीत लिहायचं. हे करताना आपलं खाडीकाठचं खाजण सारखं आठवतं. बांध घालून खाडी बाहेर ठेवलेली, इतकी सपाट गाळाची जमीन, आणि तीत आपण पिकवतो काय, तर ते जाडं, तांबडं, बोटभर कुसळांचं भात! मे महिन्यात कमला लग्नानंतर पहिल्यांदा दाभोळला आली तेव्हा तिनं ती तांबडी पेज डोळे मिटून औषधासारखी गिळली, हे तू पाहिलंस. मीही पाहिलं. खरं सांगतो, मला लाज वाटली.

इथे एक पांढरं, बारीक वाण आहे. शिजलं की घरभर वास सुटतो. ते आपल्या खाजणात येईल असं माझं मन सांगतं, पण आधी माती तपासायला हवी. भागोजीला सांगून आपल्या खाजणाच्या मधल्या तुकड्यातली, त्या मधल्या कोंडीतली, वीतभर खालची माती काढून घे आणि चहाच्या रिकाम्या डब्यातून पाठव. झाकण घट्ट लाव, नाहीतर टपालवाला मला पोलिसात देईल.

तुझा
चारू

दाभोळ, ता. २२ ऑगस्ट १९३१

चि. चारू,

आशीर्वाद आहेतच. घरी सगळं ठीक, म्हैस सोडून. ती तुझ्यासारखीच, समजावलं की उलट दिशेला जाते.

माती पाठवते आहे. भागोजी डोक्यावर इरलं घेऊन भर पावसात गुडघाभर चिखलातून मधल्या कोंडीत गेला. आपलं कूळ म्हणून नव्हे, तुझ्या शब्दासाठी गेला. लहानपणी तुला खांद्यावरून बांध दाखवायला न्यायचा, ते तो अजून सगळ्यांना सांगतो. त्याची आई सोनूबाई बांधावर उभी राहून हसत होती. "आता चारूबाबा डब्यातली माती वाचनार काय, पोथीसारकी?" असं म्हणाली. आणखीही काही म्हणाली, पण ते लिहीत बसत नाही. तू हसशील.

कमलेला सांग, पुढच्या खेपेला तिच्यासाठी बाजारचे पांढरे तांदूळ आणून ठेवीन. तिनं डोळे मिटलेले मीही पाहिले होते. आम्ही मात्र त्याच पेजेवर वाढलो, तूसुद्धा.

अक्का

पुणे, ता. १८ मे १९३२

ती. अक्का,

माती उत्तम आहे. मिठाचा अंश नावाला सापडला. मी दोनदा तपासली. आपले लोक पिढ्यान्‌पिढ्या "खाजण खारं, खाजण खारं" म्हणत बसले आणि कुणी एकदा डबाभर माती पाहिली नाही. इथल्या एका जुन्या कारकुनाला सांगितलं तर म्हणाला, "खाजणात जपून हं." या लोकांना सगळीकडेच जपून चालायचं असतं.

पावसाळ्याआधीच्या शेवटच्या बोटीनं बियाण्याचं पोतं पाठवतो आहे. हे माझं घरचं काम, मळ्याचा याच्याशी संबंध नाही. मोड आणून चिखलात फेकायची आपली जुनी तऱ्हा नको. रोप तयार करून रांगेत लावणी करा. यंदा फक्त आपल्याच कोंड्यांत लावा, वाडीतले लोक पाहू देत. सोनूबाईला म्हणावं, पोथी वाचून झाली.

चारू

दाभोळ, ता. १६ ऑक्टोबर १९३२

चि. चारू,

जिंकलास बाबा. यंदा पाऊस हलायलाच तयार नव्हता. हस्तातही असा कोसळला की बांधावर उभं राहवेना. आणि तुझं पांढरं भात असं आलं की येणारा-जाणारा थांबून बघतो. काल नवीन तांदळाचा भात केला होता. वास खरोखरच ओटीपर्यंत आला. मी दोनदा वाढून घेतला, हे कबूल करते.

परवा नवान्नाची पुनव झाली. कमला पुण्याची, तिला ठाऊक नसेल, म्हणून लिहिते. त्या दिवशी नव्या भाताच्या लोंब्या, आंब्याचं पान, झेंडू, कुरडूचं फूल असं एकत्र बांधून दारावर लावतात. ते नवं. वर्षभर ते तिथंच राहतं, पुढच्या पुनवेला नवीन बांधलं की मगच जुनं उतरायचं. मधे काढलं तर घरातलं धान्य जातं म्हणतात. आपल्या दारावर यंदा पांढऱ्या लोंब्या आहेत. बाकी साऱ्या वाडीच्या दारांवर तांबड्या, आणि एकदम आपलंच दार वेगळं दिसतं. सोनूबाईच्या घरी भागोजीनं दरवर्षीसारखं दारावर न लावता चुलीवरच्या आढ्याला बांधलं. तिच्या सासूची तशी रीत होती.

आता वाडीतल्या चौदाही घरांना तुझं बी हवं आहे. भागोजी रोज येऊन विचारतो. सोनूबाई तेवढी मागत नाही. "औंदा पाऊस लांबला म्हनून," एवढंच म्हणाली. मला ते खुसपट वाटलं.

अक्का

पुणे, ता. २ नोव्हेंबर १९३२

ती. अक्का,

तुझं पत्र कमलेला मोठ्यानं वाचून दाखवलं, मग शेजाऱ्यांनाही. आता नीट ऐक, कारण इथेच लोक चूक करतात. पांढऱ्यात एक तांबडा दाणा शिरला तरी दोन-तीन वर्षांत सगळं भात बिघडतं. तांबडं दांडगं असतं, आपोआप झडतं आणि आपोआप उगवतं. म्हणून वाडीला बी द्यायचं ते बदल्यात द्या: एक पायली पांढरं, त्याबद्दल एक पायली तांबडं बियाणं. आणि ते आलेलं तांबडं सगळं कांडून खा. पेरण्यासाठी कुणाच्याही घरी तांबडं राहता कामा नये. बांधाच्या कडेला आपोआप उगवलेलंही उपटून टाका.

हे कठोर वाटेल, पण अर्धं काम करून ठेवलं तर ते न केल्यासारखंच.

चारू

दाभोळ, ता. १४ जुलै १९३३

चि. चारू,

तू सांगितलंस तसं झालं. चौदा घरांचं तांबडं बियाणं आपल्या पडवीत आलं आणि चार महिने आमच्या उखळाला विसावा नव्हता. शेवटची टोपली राहिली तेव्हा भागोजी म्हणाला, "आक्का, ही एक ऱ्हाऊ द्या. आयेचा जीव शांत ऱ्हाईल." मी तुझं पत्र दाखवून नाही म्हटलं. तो हसला, आणि ती टोपली स्वतःच उचलून उखळाशी आणून ठेवली.

आज लावणी संपली. सगळं खाजण एका रंगाचं हिरवं दिसतं.

अक्का

दाभोळ, ता. १० ऑक्टोबर १९३३

चि. चारू,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. इथे सर्व ठीक. भात बरं आहे. मला थोडा ताप होता, म्हणून लिहिलं नाही. कमलेच्या डोहाळ्यांबद्दल वाचून आनंद झाला. तिला चिंचा पाठवते.

अक्का

पुणे, ता. २० ऑक्टोबर १९३३

ती. अक्का,

"भात बरं आहे" म्हणजे काय? तीन ओळींचं पत्र तू जन्मात लिहिलं नाहीस. मी खाजणाच्या प्रयोगाबद्दल एक टिपण लिहायला घेतलं आहे, साहेबांना दाखवायचं आहे. एकूण उतारा किती आला, लोंबी केवढी, पाऊस कधी थांबला, सगळं कळव. आणि नव्या तांदळाची एक पिशवी पाठव, इथे चार जणांना चाखवायची आहे.

तुझा ताप आता उतरला असेल.

चारू

दाभोळ, ता. १९ नोव्हेंबर १९३३

चि. चारू,

मला ताप नव्हता.

पिशवी पाठवणार होते. बाजारातून पांढरे तांदूळ आणून पिशवी शिवलीसुद्धा. मग हातात सुई धरून बसले आणि मला माझीच किळस आली. कमला पोटुशी आहे, तुझं टिपण चाललं आहे, म्हणून महिनाभर लपवलं. आता लिहिते.

यंदा गौरी गेल्या आणि पाऊस गेला, तो परत आलाच नाही. तोवर भात कमरेएवढं, हिरवंगार. आठ-दहा दिवसांत पानांची टोकं करपली. चिखल तडकला आणि भेगांच्या कडांना पांढरी पापडी धरली. भात निसवलं, लोंब्या बाहेर आल्या, पण सरळ उभ्याच राहिल्या. वाकेनात. भागोजीनं एक लोंबी तळहातावर चोळून फुंकर मारली, तर सगळी उडून गेली. हातात एक दाणा उरला नाही. सबंध खाजणात हेच.

पुनवेला कुणी नवं बांधलं नाही. पोकळ लोंब्यांचं काय बांधायचं? लोकांनी मागल्या सालचंच दारावर राहू दिलं.

डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीवर थोडी नाचणी झाली आहे, तेवढ्यावर चाललं आहे. वाडीतले सात जण मुंबईला गेले. पाणवठ्यावर मी गेले की बायका घागर उचलून वाट देतात, पूर्वी देत नव्हत्या.

अक्का

पुणे, ता. २७ नोव्हेंबर १९३३

ती. अक्का,

तुझं पत्र वाचून रात्रभर झोप नाही. पण अक्का, हे असं होऊच शकत नाही. माती मी स्वतः तपासली आहे. मातीत मीठ नाही, तर मग ते आलं कुठून? खाडीतून. याचा अर्थ एकच. बांधाची उघाडी कुणीतरी भरतीच्या वेळी मोकळी ठेवली. ओहोटीला आतलं पाणी सोडायचं आणि भरतीला फळ्या लावायच्या, एवढं एकच काम भागोजीकडे आहे. एखाद्या दिवशी विसरला असेल, किंवा आतमध्ये मासे शिरावेत म्हणून मुद्दाम ठेवली असेल. कुळं असं करतात, हे मी इथे ऐकलं आहे. त्याला नीट, पण स्पष्ट विचार.

पुढच्या वर्षी पुन्हा हेच बी लावू. फक्त उघाडीवर दुसरा माणूस ठेव.

चारू

दाभोळ, ता. २५ जानेवारी १९३४

चारू,

दोन महिने लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर जे लिहू नये ते लिहिलं असतं. आताही राग गेलेला नाही.

तुझं पत्र आलं तेव्हा मी ओटीवर बसून वाचत होते आणि भागोजी खाली अंगणात दोरी वळत होता. "काय लिवलान चारूबाबानं?" असं त्यानं विचारलं. तुझ्याशी महिनाभर खोटं बोलले होते, त्याच्याशी एक क्षणभर बोलायला काय जात होतं माझं? पण मी चाचरले, आणि त्यानं ओळखलं. "वाचा," म्हणाला. मी वाचलं. उघाडीचं आलं तेव्हा त्याचे हात थांबले. माशांचं आलं तेव्हा तो उठला. दोरी गुंडाळून खुंटीला अडकवली, आणि "येतो आक्का" म्हणून गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे हर्ण्याला गेला. तिथं सुकी मासळी मुंबईला नेणाऱ्या एका मचव्यावर खलाशी लागला आहे. ज्यानं जन्मात नांगर सोडून काही धरलं नाही, तो चाळिशीत शिडाच्या दोऱ्या ओढतो आहे.

उघाडी लागलेली असायची. मी रोज बघत होते.

आता माझं ऐक. माती काढायला सांगितलीस ती श्रावणात. त्या दिवशी सोनूबाई जे म्हणाली आणि मी लिहिलं नाही, ते हे: "आवो, पावसात धुतलेली माती गोडच लागनार. खारं खाली निजलेलां असतां. पाऊस थांबला की वर येतां. तांबड्या भाताला तां ठावं हाय, म्हनून तो आदी पोट भरून घेतो." चारू, हे मलाही ठाऊक होतं. लहानपणापासून ठाऊक होतं. भादव्यानंतर खाजणात अनवाणी चाललं की पायाच्या भेगा चुरचुरतात, हे मला ठाऊक नव्हतं? पण मला वाटलं, तू शिकलेला, तुला हे कसं माहीत नसेल. आणि खरं सांगायचं तर तुझ्यापुढं अडाणी दिसायची मला लाज वाटली. तुला तांबड्या पेजेची वाटली, तशीच.

आज त्याच कोंडीतली, त्याच जागेची माती त्याच डब्यातून पाठवते. या वेळी तपासू नकोस. चाखून बघ.

अक्का

पुणे, ता. ६ फेब्रुवारी १९३४

ती. अक्का,

चाखली.

टिपण फाडून टाकलं. त्यात मी उघाडीबद्दल एक परिच्छेद लिहिला होता. साहेबांना दाखवण्याआधी फाडलं, एवढंच समाधान, आणि ते फार लहान आहे. त्या जुन्या कारकुनाला जाऊन विचारलं. म्हणाला, "मी तुम्हाला जपून म्हटलं होतं. तुम्ही पुढं विचारलंच नाही."

त्यानं सांगितलं ते लिहितो. तुम्हाला ते माहीतच आहे, पण मला आता कळलं. ते तांबडं भात आपल्या पांढऱ्यापेक्षा वीस-बावीस दिवस आधी दाणा भरतं. भरती शिरली तर बुडू नये म्हणून उंच वाढतं, पाखरांनी खाऊ नये म्हणून कुसळं धरतं. खारं वर यायच्या आत त्याचं आटोपलेलं असतं. त्या खाजणानं ते शेकडो वर्षांत घडवलं, आणि मी एका पत्रानं कांडून टाकलं.

भागोजीला हर्ण्याच्या पत्त्यावर पत्र पाठवलं आहे. त्याला वाचता येत नाही, पण बंदरावर कुणीतरी वाचून दाखवील. माफी मागितली आहे. तांबडं बी कुठूनही मिळव. मागतील ते देऊ.

चारू

दाभोळ, ता. ३० मे १९३४

चि. चारू,

भागोजी गेला. सतरा तारखेच्या वादळात तो मचवा केळशीसमोर फुटला. पाच जणांतले दोघे वाचले, तो त्यांत नाही. प्रेतही सापडलं नाही. तुझं पत्र त्याला पोचलं की नाही, मी विचारलं. वाचलेल्यांपैकी एक म्हणाला, पत्र आलं होतं, ते त्यानं घडी करून पागोट्यात ठेवलं होतं, "घरी गेल्यावर आक्काकडनं वाचून घेईन" म्हणाला होता. दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यायला तो तयार नव्हता.

तुला कळावं म्हणून लिहिलं. रडून झालं असेल तर पुढं वाच.

सोनूबाई रडली नाही. तिच्या घरात चूल मात्र रोज पेटते, कुणासाठी ते तिला ठाऊक.

बियाण्याचं असं आहे. खाडीवर वर-खाली सगळीकडे माणसं पाठवली. वरच्या गावांचं भात गोड्या पाण्याचं, खाली सगळी वाळू. आपल्या खाजणाचं तांबडं आता कुठंच नाही. बांधाच्या कडेला आपोआप उगवायचं तेही आम्ही तुझ्या सांगण्यावरून उपटलं. ते आहे फक्त तेरा घरांच्या दारांवर आणि सोनूबाईच्या चुलीवर. मागल्या पुनवेला कुणी बांधलं नाही, म्हणून त्याआधीच्या सालचं नवं अजून लटकतं आहे, आणि ते तांबडं आहे. एकेका दारावर तीन-चार लोंब्या.

पण दारावरचं नवं मागणं म्हणजे काय, हे तुला सांगायला नको. पुढचं बांधल्याशिवाय जुनं उतरवत नाहीत. वर्षभर उपाशी राहिलेल्या घरांना, राहिलेलं नशीबही काढून दे, असं म्हणायचं. तू म्हणशील, अक्का, तू माग. मी मागणार नाही. एकदा तुझं पत्र दाखवून त्यांचं बी नेलं, आता तुझ्या नावानं दारावरचंही नेऊ?

तू ये. बोटी बंद झाल्या आहेत, चिपळूणवरून मोटारीनं ये. प्रत्येक दारात तू उभा राहा आणि तुझ्या तोंडानं माग. सोनूबाईच्या घरी सगळ्यात शेवटी जा. ते चुलीवरचं नवं भागोजीनं स्वतःच्या हातानं बांधलेलं आहे.

अक्का

पुणे, ता. २८ जून १९३४

ती. अक्का,

सुखरूप पोचलो. कमला आणि बाळ ठीक आहेत.

त्या तीन दिवसांबद्दल आपण दोघं काही बोललो नाही. तेरा घरांनी दिलं. कुणी शिवी दिली नाही, ती दिली असती तर बरं झालं असतं. त्या धोंडूच्या म्हातारीनं नवं उतरवताना दाराला हात जोडले आणि मला म्हणाली, "संबाळून ने हो." हे वाक्य मला अजून ऐकू येतं.

सोनूबाईच्या घरी तू बाहेर थांबलीस. आत काय झालं ते तुला सांगितलं नाही. आता सांगतो.

ती चुलीपुढं बसली होती. मी पाया पडलो. ती म्हणाली, "बस." नंतर विचारलं, "उघाडी मोकळी होती काय रे?" मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "मोठ्यानं सांग. ह्या घराला ऐकू जाऊ दे." मी मोठ्यानं म्हटलं, भागोजीनं उघाडी बरोबर लावली होती, चूक माझी होती. ती म्हणाली, "आजून एकदा." मी पुन्हा म्हटलं. मग तिनं वर बोट दाखवलं. तिथं काजळीनं काळं झालेलं ते बांधलेलं होतं. "काड," म्हणाली. "तो उंच व्हता. तुला पाट घ्यावा लागंल." मी पाटावर चढून गाठ सोडवली. इतकी घट्ट गाठ होती, अक्का. सुटेना. मला ती कापवेना. नखांनी सोडवली.

मोड आले का ते लगेच कळव. एक पावसाळा गेला त्यावर, दुसरा लागला. आले नाहीत तरी कळव.

चारू

दाभोळ, ता. २३ ऑक्टोबर १९३४

चि. चारू,

तुला मुद्दाम मधे लिहिलं नाही. अर्धवट बातमी द्यायची नाही, असं ठरवलं होतं. आता सगळं सांगते.

तेरा घरांच्या लोंब्या भिजत घातल्या. एकालाही मोड आला नाही. दारावरचं म्हणजे पावसाचे शिंतोडे, चिमण्या, किडा. वर कुसळं, आत पीठ. सहा दिवस वाट बघून मी ते सगळं तुळशीत घातलं आणि त्या घरांना जाऊन सांगितलं. धोंडूच्या म्हातारीला सांगताना मला फार जड गेलं.

सोनूबाईचं चुलीवरचं होतं. धुरानं ते कोरडं राहिलं, किड्यानं तोंड लावलं नाही. तेही मेलंय असंच वाटलं होतं. पाचव्या दिवशी तिनं ओलं गोणपाट बाजूला सारून मला हाक मारली. एकतीस दाण्यांना मोड होते. आम्ही दोघींनी ते पुन्हा पुन्हा मोजले.

कुठं लावायचे यावरून भांडलो. मी म्हटलं, परसात लावू, राखता येतील. ती म्हणाली, "परसात लावलास तर तां परसाचा होईल. खाजणातच घाल." मधल्या कोंडीत, जिथून तुझी माती काढली तिथं लावले. आषाढात भरतीचं पाणी बांधावरून आलं, दोन दिवस सगळं बुडालं. मी बांधावर बसून राहिले. पाणी उतरलं तेव्हा सत्तावीस उभे होते.

भादव्यात पाऊस थांबला. पुन्हा तशीच पापडी धरली, तशाच भेगा. पानांची टोकं याचीही करपली. पण तोवर लोंब्या भरून खाली वाकल्या होत्या. वाडीतल्या बायकांनी पाळी लावून पाखरं हाकली. ज्या मला पाणवठ्यावर वाट देत होत्या, त्याच. परवा कापणी झाली. कापणी कसली, विळा लावलाच नाही, लोंब्या हातानं खुडल्या. सगळं बियाणं राखेत घालून सोनूबाईच्या चुलीवरच्या माळ्यावर ठेवलं आहे. पुढल्या साली एक कोंडी होईल, त्याच्या पुढल्या साली दोन-तीन. सगळं खाजण तांबडं व्हायला वेळ लागेल. मुंबईला गेलेल्यांतले किती जण परत येतील ते माहीत नाही.

काल पुनव होती. यंदाही कुठल्याच दारावर नवं नाही. सगळ्या घरांनी ठरवलं, एकही लोंबी दारावर लावायची नाही, बियाण्यालाच ठेवायची. चौदा दारं आणि आपलं, सगळी मोकळी.

फक्त एक लोंबी वेगळी काढली आहे. भागोजीच्या चुलीवरचं काढून नेलं, त्या जागी बांधायला. हे सगळ्या वाडीनं ठरवलं, मी नाही. काल सकाळी मी झेंडू, आंब्याचं पान, कुरडू घेऊन गेले, पाटावर चढले. सोनूबाईनं मला खाली उतरवलं. म्हणाली, "ज्यानं काढलान, त्यानंच बांधायचां."

मी म्हटलं, सोनूबाई, पुनव आज आहे, तो पुण्यात आहे. ती म्हणाली, "मग थांबू."

लोंबी सुपात ठेवली आहे, वर फडकं घातलं आहे. झेंडू सुकला, तो दुसरा आणता येईल. मुंबईहून दाभोळची बोट मंगळवारी सुटते.

अक्का